हापूसच्या पेटीचं उद्यापन

सिंगापूरला आल्यापासून मी एकच ध्येय गाठलं. त्याचं बक्षीस शेजारच्या लिम अंकलनी खाल्लं.

तांजोंग पगारच्या आमच्या ऑफिसात एक प्रशिक्षण झालं. ध्येय ठरवा, चारचौघांत जाहीर करा आणि ते गाठलं की स्वतःला बक्षीस द्या, असं त्यात सांगण्यात आलं. हौगांगच्या फ्लॅटवर परतताच मी जेवणाच्या टेबलावर निवेदन केलं, "जुनी काळी पँट कमरेला बसेपर्यंत गोड बंद. बसली की हापूसची पेटी. माझी एकट्याची!"

"एकट्याची?" माझी बायको मंजिरी म्हणाली.

"बक्षीस वाटायचं नसतं. ट्रेनिंगमध्ये सांगितलंय." (सांगितलं नव्हतं.)

पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेल्या आईनं वरणाचा डाव खाली ठेवला. "म्हणजे संकल्प सोडलास. छान. मी लक्ष ठेवते."

मी याला पाठिंबा समजलो.

दुसऱ्या दिवशीच आईनं ही बातमी लिम आंटींना दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही; पण स्वतःच्या पोटासमोर हवेत मोठा घुमट काढून माझ्या दाराकडे बोट दाखवलं, की आशय कुठल्याही देशात पोचतो. आंटींनी तो खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, पोचवला. तिथे मी कॉफी मागण्याआधीच स्टॉलवाल्यानं बिनसाखरेचा काळा कप पुढे सरकवला. "युवर मदर से कॅनॉट, लाह!" (हे 'लाह' इथे वाक्याच्या शेपटाला लागतंच.)

एका संध्याकाळी मी जिन्यात लपून पाइनॅपल टार्ट तोंडात टाकणार, तोच वरच्या कठड्यावरून माझ्या लेकीचा, ईराचा, आवाज आला, "आज्जी! बाबा चीटिंग, लाह!"

टार्ट जप्त झालं. (ईरानं खाल्लं.)

अखेर एका शनिवारी पँट बसली. श्वास रोखावा लागला. पण माझ्या निवेदनात श्वासाचा उल्लेख नव्हता! मी पेटी आणली. झाकण उघडताच घरभर वास सुटला. बाह्या सरसावून मी पहिला आंबा उचलला.

"ठेव तो!" आई कडाडली. "उद्यापन कोण करणार?"

"आई, हे व्रत नाही. टार्गेट आहे!"

"गोड सोडलंस, नेम पाळलास, मग व्रत नाही तर काय? आधी मेहुणं जेवायला घालायची. तू सगळ्यांत शेवटी."

"मंजिरी, तू तरी सांग!"

"आई म्हणतात ते बरोबर आहे," मंजिरी म्हणाली. सासू-सुनेचं इतकं झटपट एकमत मी प्रथमच पाहत होतो. मंजिरीनं तोवर आंबे पिळायला पातेलंही घेतलं होतं.

रविवारी दोन जोडपी जेवायला आली: लिम आंटी-अंकल आणि खालच्या मजल्यावरचे तमिळ नवरा-बायको. आईनं सगळ्यांना हळदीकुंकवाची बोटं लावली. लिम अंकलनी आमरसाच्या पहिल्या वाटीकडे संशयानं पाहिलं, दुसरीकडे आदरानं, आणि तिसरी स्वतःच वाढून घेतली.

"बेटर दॅन ड्युरियन!" ते म्हणाले. आंटींनी दचकून मागे पाहिलं. ड्युरियन म्हणजे इथला फळांचा राजा; असं विधान इथे सहसा कोणी करत नाही.

"आई, माझ्यापुरता थोडा रस..." मी दबक्या आवाजात म्हणालो.

"पाहुणे जेवतायत! पुऱ्या आण."

मी पुऱ्या आणल्या. पुऱ्यांमुळे रस आणखी लागला.

उद्यापन यथासांग पार पडलं. पातेलं स्वच्छ झालं होतं. चमच्याचंही काम उरलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात उभा राहून पिळून झालेल्या कोयी चोखल्या. त्यांच्यातही मंजिरीनं फारसं काही सोडलं नव्हतं.

पाहुणे मात्र रिकाम्या हातांनी आले नव्हते. आंटींनी नारळाच्या दुधातल्या हिरव्या-गुलाबी वड्या आणल्या होत्या, खालच्यांनी म्हैसूरपाक. व्रत सुटलं होतं, आणि मला दुःखही झालेलं होतं. दोन्ही डबे मी संपवले. ते परत करायला गेलो, तर भरूनच परत आले. शेजारधर्म असा की, नाही म्हणता येईना.

परवा लिफ्टमध्ये लिम अंकलनी माझ्या पोटाकडे मोठ्या आशेनं पाहिलं. "व्हेन यू स्टार्ट अगेन?"

मी विषय बदलला. पेटी मात्र, जाहीर केल्याप्रमाणे, माझी एकट्याचीच आहे. तिच्यावर अद्याप कोणीही हक्क सांगितलेला नाही. काळी पँट मी तिच्यातच घडी करून ठेवली आहे.