चढायची दोरी

माझा नवरा झाडावर चढतो आणि मी खाली उभी राहते. हा आमचा धंदा. घरावर आलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या उतरवायच्या, वाळवीने पोखरलेली झाडं वरून तुकड्या-तुकड्यांनी खाली आणायची, कलमांवरची बांडगुळं काढायची. लग्नाआधी तो गोव्यात हॉटेलांच्या बागा सांभाळणाऱ्यांकडे कामाला होता. कमरेला पट्टा बांधून, दोरीवर वजन टाकून चढायचं तो तिथे शिकला. मालवणच्या आसपासच्या गावांतून असं काम करणारे फार नाहीत. बाकीचे दोरीशिवाय चढतात, आणि त्यातले काही आता घरी बसून असतात.

कामं ठरवणं, लोकांशी बोलणं आणि सामान सांभाळणं माझ्याकडे. घरामागे आमचा जुना मांगर आहे. पूर्वी त्यात पेंढा भरायचे, आता आमचं सामान असतं. दोन चेनसॉ लोखंडी पेटीत कुलपाखाली, कारण शेजारच्या गावात एकाची मशीन चोरीला गेली होती. पेट्रोल आणि ऑइल दाराजवळ, दोऱ्यांपासून लांब. दोऱ्या भिंतीच्या खुंट्यांवर, उन्हापासून आणि उंदरांपासून दूर. काम संपवून आलो की मी प्रत्येक दोरी हातातून सरकवून बघते. कुठे धागा निघालाय का, कुठे कडक लागतेय का. चढायची दोरी वेगळी. तिच्यावर माझा माणूस लटकतो. तिने फांदी उतरवायची नाही, ओझं बांधायचं नाही, तिच्यावर कपडेसुद्धा वाळत घालायचे नाहीत. हे मी घरातल्या सगळ्यांना सांगितलं होतं. एकदा नाही, इतक्यांदा की सासू म्हणायची, "गो, ती दोरी आसा की देवाचा जानवा?"

मांगराच्या दाराला मात्र कुलूप नव्हतं. घरच्या घरात कुलूप कशाला, असं सासूचं म्हणणं. मीही कधी हट्ट धरला नाही. दोरी कोण चोरणार?

आमच्या बाजूलाच नवऱ्याच्या मोठ्या भावाचं घर आहे. मी त्यांना भावोजी म्हणते. त्यांच्या पर्यटकांसाठी खोल्या आहेत. मे महिन्यात त्यांची धावपळ असते तशी आमचीही. पावसाआधी प्रत्येकाला आपल्या छपरावरची फांदी आठवते. त्या दिवशी आम्ही दोघं कुडाळला गेलो होतो, मशीनच्या चेन आणि इतर सुटे भाग आणायला. फांद्या उतरवायची जाड दोरी आमच्याबरोबर टेम्पोतच होती. घरी सासू एकटी.

दुसऱ्या दिवशी धामापूरला काम होतं. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई, एकट्याच राहणाऱ्या. त्यांच्या कौलांवर रायवळ आंब्याची मोठी फांदी आली होती आणि मुळाशी पोकळ झाली होती. खाली मी आणि आमच्याकडे नेहमी येणारा आंबोलीचा गडी. नवऱ्याने दोरी वरच्या बेचक्यातून टाकली, खाली उभं राहून तिच्यावर वजन दिलं, दोनदा झटका दिला. दोरी ठीक वाटली. तो चढला. वर फांदीवर पोचल्यावर त्याने कमरेची आखूड दोरी फांदीभोवती घातली. त्या आखूड दोरीमुळेच आज माझ्या कपाळावर कुंकू आहे. मशीन सुरू करण्याआधी तो मागे रेलला, चढायच्या दोरीवर सगळं अंग टाकून, आणि दोरी गेली.

आवाज फार झाला नाही. ओलं फडकं फाटावं तसा. तो सुटला, आखूड दोरीने त्याला मध्येच धरलं आणि तो खांद्यावर खोडाला आपटला. बंद मशीन कमरेला लोंबकळत होती. मी ओरडले की नाही मला आठवत नाही. बाई ओट्यावरून ओरडत होत्या ते आठवतं. तो वरून म्हणाला, "मी आसंय. हात हलना नाय." आंबोलीचा गडी शिडी लावून वर गेला, जाड दोरी बेचक्यातून घालून नवऱ्याच्या पट्ट्यात अडकवली, आणि आम्ही दोघांनी त्याला खाली घेतलं, जशी आम्ही फांदी घेतो तशी, हळूहळू. खाली आल्यावर त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

कुडाळला डॉक्टरांनी सांगितलं, खांद्याचं हाड मोडलंय. यंदाचा मोसम गेला.

त्याला घरी आणून निजवलं आणि मी तुटलेली दोरी घेऊन खळ्यात बसले. माझं डोकं चालत नव्हतं. आठवड्यापूर्वी तर ती नवीकोरी घेतली होती, दोन-तीनदाच वापरलेली. जिथून गेली तिथलं वरचं विणलेलं आवरण मी सुरीने उभं चिरलं. आतला गाभा अर्धा आधीच तुटलेला होता, धागे वितळून एकमेकांना चिकटलेले. आणि बोटांना खरखरीत काहीतरी लागलं. वाळू. पांढरी, बारीक, समुद्राची वाळू. आम्ही आंब्या-फणसांवर काम करतो. आमची दोरी समुद्रावर कधी गेली?

मी स्वयंपाकघरात गेले. "आई, मी कुडाळाक गेलंय तेव्हा चढायची दोरी कोणी नेल्यान?"

सासू तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "थोरल्यान नेल्यान. पाव्हण्यांची मोठी गाडी रेवेत रुतली हुती, भरती येय हुती. वाडयेतल्या एकाच्या टेम्पोक बांधून ओढल्यानी. धुवन, सुकवन, होती थंय आणून ठेवल्यान. घरातलीच मगे ती. सांगूक कशाक व्हया?"

धुवून, सुकवून, त्याच खुंटीवर. वेटोळंसुद्धा मी घालते तसंच घातलेलं. म्हणून तर आम्हाला कळलं नाही! चिखलाने माखलेली, विसकटलेली फेकली असती तर मी तेव्हाच विचारलं असतं.

मी तशीच बाजूच्या घरी गेले. भावोजी बाहेर पाहुण्यांच्या खुर्च्या मांडत होते. मी दोरीचा चिरलेला तुकडा त्यांच्यासमोर धरला.

"तुमी माका विचारल्यात?"

"अगो, तू खंय होतंस? गाडी बुडत होती थंय."

"फोन होतो ना तुमच्याकडे? माका एक फोन करूचो होतो."

"इतकी जाड दोरी, गाडी ओढून तुटतली कशी? आमी गाडी ओढली तेव्हा तर तुटली नाय!" हे ते खरोखर म्हणाले. हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. तेव्हा तुटली नाही. म्हणजे त्यांच्यासाठी ती टिकली, झालं. गाडीच्या हुकाला घासून आतून जळली ती, पण गाडी निघाली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. तुटायचं काम तिने धामापूरसाठी ठेवलं.

"तुमच्या भावाक आज आमी दोरयेन खाली उतरवलो," मी म्हटलं. "फांदी उतरवतत तसो."

"माझ्या भावाचो जीव माका नाय काय गो?" त्यांचा आवाज चढला. पाहुणे दारात येऊन बघायला लागले. त्यांच्यासमोर भावोजी एकदम शुद्ध मराठीत म्हणाले, "घरातला किरकोळ विषय आहे."

किरकोळ! मी घरी आले, कोयता घेतला आणि परत जाऊन राहिलेली सगळी दोरी त्यांच्या अंगणाच्या दगडावर ठेवून तोडली. वीतभर, वीतभर. कारण अशी दोरी अख्खी ठेवली की कोणीतरी पुन्हा वापरतं. जाऊ खिडकीतून बघत होती.

घरी आल्यावर नवरा उशीला टेकून बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. म्हणाला, "पुरे आता. भाव आसा तो माझो. मुद्दाम केल्यान काय?"

मला भावोजींपेक्षा त्याचा जास्त राग आला. मी म्हटलं, "मुद्दाम केल्यानी असता तर बरा. भांडूक तरी येता. तेंका कळनाच नाय, काय केल्यानी ता." तो भिंतीकडे तोंड करून पडला. त्याला कुशीवर वळतासुद्धा येत नव्हतं, तरी वळला, आणि कळ आली म्हणून पुन्हा उताणा झाला. मी उशी सरळ केली.

सकाळी मी मांगराला कडी-कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात अडकवली. सासूने ते पाहिलं. "घरातल्या माणसांक चोर केलंस," ती म्हणाली आणि दोन वेळा जेवली नाही. मी तिचं ताट झाकून ठेवलं आणि कुलूप तसंच ठेवलं. वाडीत बातमी फिरली की बाईने दिराच्या दारात कोयता काढला. कशासाठी काढला, हे कोणी सांगत नव्हतं. लोकांचे फोन येत राहिले, छपरावर फांदी आहे, लवकर या. मी एकेकाला नाही म्हणत होते आणि प्रत्येक नाही म्हणताना मला पुन्हा भावोजींचं ते 'तेव्हा तर तुटली नाय' ऐकू यायचं.

काही दिवसांनी भावोजी आले. हातात दोरीचं भलंमोठं भेंडोळं. हिरवी, नायलॉनची, होड्या बांधतात ती. मालवणच्या बंदरावरच्या दुकानातून आणलेली. "घे," म्हणाले, "पयल्यापेक्षा जाड आसा."

त्यांचे डोळे लाल होते. रात्रभर झोपले नसावेत असा चेहरा. त्या क्षणी वाटलं, आता मला रडू येईल. पण त्या हिरव्या दोरीकडे पाहिलं आणि पुन्हा डोकं तापलं. त्यांना अजूनही कळलं नव्हतं. ती ओली झाली की निसरडी, गाठ धरत नाही, बेचक्यातून घासली की जळते. त्यांना वाटत होतं दोरी गेली, दोरी दिली, फिटंफाट.

"ह्येच्यार चढत नाय," मी म्हटलं.

"मगे दुसऱ्या कशाक तरी वापर."

मी ती त्यांच्याच गाडीच्या मागच्या सीटवर नेऊन ठेवली. "पाव्हण्यांची गाडी रुतली की उपयोगी पडात."

नवऱ्याचं हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर पूर्ण जात नाही. दिवाळीनंतर त्याने पुन्हा काम सुरू केलं. खालची छाटणी तो करतो. वर आता आंबोलीचा गडी चढतो, नवऱ्याने त्याला शिकवलं. नवी दोरी मी स्वतः जाऊन आणली, खरी चढायची. तो गडी वर असताना मी खाली जास्त घाबरते, कारण तो परक्याचा मुलगा.

सासू आता जेवते, बोलते. परवा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "किती दिवस राग धरतलंस गो?"

"त्येंचो हात पुरो वर जाईपर्यंत," मी म्हटलं.

तिने पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "डॉक्टर म्हणता तो जावचो नाय."

"माका म्हायत आसा."

मागच्या आठवड्यात भावोजींच्या खोल्यांवर फणसाची फांदी वाकली. त्यांनी मला नाही, नवऱ्याला सांगितलं. नवरा लगेच हो म्हणाला. मी गेले, कारण काम काम आहे आणि खाली कोणीतरी भानावर असलेलं माणूस लागतं. फांदी नीट उतरली, एक कौल फुटलं नाही. जावेने सगळ्यांसाठी चहा आणला. नवरा आणि गडी प्याले, भावोजी माझा कप घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. मी दोरी गुंडाळत होते. कप त्यांनी शेवटी ओट्यावर ठेवला, आणि आम्ही निघालो तेव्हा तो तिथेच होता, वर साय धरलेला.