बिनबोलीचा बॅले

दिवाळीनंतर आमच्या गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईत नाटक होतंच. गेल्या वर्षी आम्ही बचत गटाच्या बायांनी ठरवलं, यंदा दुपारी आपला बॅले. इंग्रज साहेबानं शेतसारा लादून माणसं शेतातून कशी हटवली आणि शेवटी ती कशी उलटली, एवढीच गोष्ट. नुसता नाच आणि ढोलकी. गावातला पहिलाच बॅले तो. पुरुष म्हणाले, "बिनबोलीचं नाटक कोन पाह्यते?" म्हटलं, नका पाहू, घरी बसून भांडी घासा!

खरं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. घशाच्या ऑपरेशनात माझ्या सासूचा आवाज गेला होता. धानाच्या रोवणीत गाणं उचलायचं ते तिनंच. आता कोणी 'बिचारी' म्हटलं की ती घरात शिरायची, चार लोकांत जाणं बंदच. मला ते बघवत नव्हतं. कोणालाच बोलायचं नाही असं काहीतरी तिच्यासाठी हवं होतं.

ती झाली शेतकरीण. मी साहेब. माझं तोंड बघूनच गटानं ठरवलं असणार.

तालीम खळ्यावर झाली. साहेब काठी उगारून पुढे येतो, बाया वाकून रोवत मागे सरतात. रोवणी मागे सरतच करतात, ते शिकवावं लागलं नाही. शेवटी सासूनं उभं राहून माझ्यावर चालून यायचं. पण खळ्याला कड नसते आणि स्टेजला असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मंडईच्या दिवशी बाकीच्या बाया स्टेजच्या कडेआधी थांबल्या. सासू मात्र मान खाली घालून मागे सरतेच आहे. काठी फेकून धावले, तिचा हात धरला.

"आई, पडाल ना वो!"

बिनबोलीच्या बॅलेत मीच बोंबलले.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की बस! मग टाचेकडे बोट दाखवलं. स्टेजच्या कडेनं धानाच्या तणसाचा जाड दोर खिळवलेला होता आणि तिची टाच त्याला टेकली होती. धानाच्या बांधीत धुऱ्याला, म्हणजे कडेच्या बांधाला, टाच लागली की रोवणारी थांबते. हिनं सकाळीच येऊन आपला धुरा घालून ठेवला होता, मला न सांगता.

हात सोडवून ती ताठ उभी राहिली. बोटानं खुणावलं, हट मागं. आणि आली चालून. मी मागे मागे सरत होते, आणि मला रडू आवरेना. काजळाची मिशी हनुवटीपर्यंत ओघळली.

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अवो, इंग्रज रडून राह्यला!"

सासू हसली. आवाज नव्हताच, पण सगळ्या गावासमोर, पदर तोंडाला न लावता हसली.