सही न करणाऱ्या बाई

चाकणच्या आमच्या कारखान्यात आजवर जितके परदेशी पाहुणे आले, त्या सर्वांनी मिळून आम्हाला घाबरवले नसेल तितके एकट्या ओमानच्या बाईंनी घाबरवले. आणि त्यांच्याइतका जीव आम्ही दुसऱ्या कोणाला लावला नाही, हेही संकोचत का होईना, सांगितले पाहिजे. आमची कंपनी लहान गावांसाठी खारे पाणी गोडे करणारी यंत्रे बनवते. गिऱ्हाइकाच्या वतीने तपासनीस येतो, यंत्राभोवती एक चक्कर मारतो, जेवतो आणि सही करतो, असा रिवाज. डोंगरातल्या आपल्या गावासाठी यंत्र न्यायला आलेल्या या बाईंनी चक्कर मारली, त्या जेवल्या, आणि पेनाचे टोपणसुद्धा त्यांनी काढले नाही.

पाण्यावर त्यांची माया विलक्षण होती. बैठक संपली की साहेबांच्या उष्ट्या बाटल्या गोळा करून त्या फाटकाजवळच्या जास्वंदीला पाणी घालत, आणि साहेब अवघडून आढ्याकडे पाहत. एकदा त्या थेरगावला आमच्या घरी चहाला आल्या. मोरीतल्या नळाची टपटप कानी पडताच त्यांनी गप्पा अर्ध्यावर सोडल्या, पर्समधून चक्क पाना काढला आणि नळ दुरुस्त केला. त्या नळाबद्दल दिवाळीपासून मला बोलणारी माझी पत्नी एवढेच म्हणाली, "अहो, यांना महिनाभर ठेवून घ्या." रोज सकाळी त्या वेलदोड्याची कॉफी इवल्याशा कपांतून सर्वांना पाजत. त्यांच्याकडे पाहुणा रिकामा कप हलवून दाखवीत नाही तोवर ओतत राहायचे असते. आमच्याकडे कोणी प्रेमाने ओतत असेल तर नको म्हणायचे नसते. आमचे सर्वांत जुने फिटर सय्यदभाई पहिल्या दिवशी चौदा कप प्यायले. "मॅडमचा हात थांबेना राव, मी तरी कसं नको म्हणू?" असे ते नंतर छातीवर हात ठेवून सांगत होते.

मस्कतच्या बाजारात शिकलेल्या हिंदीत बाईंनी आपली अडचण आम्हाला सांगितली. त्यांच्या गावात यापूर्वी एक यंत्र आले होते. फीत कापली गेली, महिन्याच्या आत ते बंद पडले, आणि शहरातून मेकॅनिक येईपर्यंत बायका पुन्हा टँकरपुढे उभ्या राहिल्या. "हे यंत्र बायकाच चालवतील," बाई म्हणाल्या, "म्हणून परीक्षाही बाईच घेईल," आणि त्यांनी कँटीनमधून चऱ्होलीच्या मावशींना बोलावले.

"मला न्हाई बाय त्यातलं कळत. मी पोळ्या लाटते."

"म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी बंदराकडे जाणारा कंटेनर ठरलेला होता. तो चुकला तर ऐन उन्हाळा त्या गावाला टँकरवर काढावा लागणार होता. यंत्र कसे चालवायचे याची मी लिहिलेली पुस्तिका मावशींच्या हाती देण्यात आली. 'झडप हलकेच फिरवावी' हे वाक्य मी टेबलाशी बसून मोठ्या समाधानाने लिहिले होते. झडपेला मात्र कधी हात लावला नव्हता.

"हालंना की ओ!" मावशी दोन्ही हातांनी झटत म्हणाल्या.

"मावशी, जरा जोर लावा," सय्यदभाई म्हणाले. "मॅडम, माझ्या तर करंगळीनं फिरतं हे चाक."

"मग करंगळीही पेटीत बांधून द्या," बाई म्हणाल्या.

त्यानंतरचे चार तास मी आयुष्यात विसरणार नाही! सय्यदभाईंनी अपमान गिळला आणि बाह्या सारल्या. गोल चाक काढून लांब दांडा बसवला, आतले रबर बदलले, आणि तोवर मी, कोणी सांगितले नसताना, यंत्रापाशी उकिडवा बसून पुस्तिकेतले प्रत्येक वाक्य स्वतःच्या हाताने करून पाहिले. सात वाक्ये खोडावी लागली. मावशी पुन्हा आल्या त्या पिठाच्या हातांनीच. त्यांनी दांडा ओढला. पंप घुमला, नळीने दोनदा उचकी दिली, आणि पाण्याची धार पडली. मावशींनी ओंजळ तोंडाला लावली.

"गोड हाय!"

त्यावर बाईंनी जीभ झरझर हलवत आनंदाचा असा दीर्घ, चढता सूर काढला की पलीकडच्या शेडमधली लेथ मशीन थांबली आणि सुरक्षा रक्षक धावत आला. मग त्यांनी पेनाचे टोपण काढले.

चार महिन्यांनी सय्यदभाईंच्या मोबाइलवर त्या गावातून एक व्हिडिओ आला. उघडे डोंगर, खजुराची चार झाडे आणि आमचे यंत्र. दोन बायका कशावरून तरी खळखळून हसत आहेत. त्यांतली एक बोलता बोलता एका हाताने दांडा ओढते, कळशी भरू लागते, आणि ती यंत्राकडे पाहतसुद्धा नाही. आम्ही तो पुन्हा पुन्हा पाहिला.

"आन् आपली बाय कुठं हाय यात?" मावशींनी विचारले.

बाई कुठेच नव्हत्या. व्हिडिओसोबतच्या निरोपानुसार त्या पलीकडच्या खोऱ्यात दुसऱ्या गावाची विहीर पाहायला गेल्या होत्या, आणि तिथे मोबाइलला रेंज नव्हती. मावशींनी पदराने स्क्रीन पुसला.

"तिथं येळेवर जेवते का न्हाई, कोन इचारनार तिला?"