बसूअण्णांचा पावणा

बसूअण्णा स्वतःच्या ऑफिसातसुद्धा ‘येऊ का?’ असं विचारून यायचे. शाहूपुरीत एका टायरच्या दुकानावर आमची दोन खोल्यांची सॉफ्टवेअर कंपनी होती आणि अण्णा तिचे अर्धे मालक. तरी चप्पल जिन्यात काढून ते उंबऱ्याशी थांबायचे आणि आतून कुणी ‘या’ म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचे नाहीत. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, माणूस नाटकी आहे. नंतर कळलं, कुरुंदवाडच्या व्यापारी लिंगायत घरात वाढलेल्या या माणसाला दुसऱ्याच्या दाराचा धाकच होता. वयानं ते माझ्या वडिलांएवढे, पण मला ‘अक्का’ म्हणायचे.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. एका कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅमनं इंटरनेटवरून दुसऱ्या कॉम्प्युटरला माहिती विचारायची, हे तेव्हा नवं होतं. जो तो ते काम आपापल्या परीनं, धसमुसळेपणानं करी. अण्णांनी त्यासाठी प्रोग्रॅमच्या तुकड्यांचा एक तयार संच लिहिला आणि कुणीही घ्यावा, बदलावा म्हणून इंटरनेटवर मोकळा सोडला. आमच्या धंद्यात याला लायब्ररी म्हणतात. अण्णांनी तिचं नाव ठेवलं ‘पावणा’.

“आपला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या दारात जातोय, अक्का. पावण्यानं पावण्यागत ऱ्हावं. हाक मारायची, थांबायचं. ओ आली न्हाय म्हणून लगीच कडी बडवायची न्हाय.” समोरचा कॉम्प्युटर कामात असेल तर ‘पावणा’ खरंच जरा थांबून, मग आणखी जास्त थांबून पुन्हा विचारी. हे सगळं फुकट कशाला वाटता, म्हणून दुसरे भागीदार करवादायचे. “हिरीचं पाणी उपसलं तरच गोड ऱ्हातंय,” एवढंच अण्णांचं उत्तर.

लायब्ररी कशी वापरायची याचा एक नमुना सोबत द्यावा लागतो, आणि त्या नमुन्यात कुठल्यातरी कॉम्प्युटरचा पत्ता. शहाणे लोक तिथे खोटा पत्ता टाकतात. अण्णांना ते पटेना. “नवा माणूस पहिल्यांदा हाक मारणार आणि आत कुणीच न्हाय? पहिल्या हाकेला ओ आलीच पायजे की.” म्हणून त्यांनी खरा पत्ता दिला. कुरुंदवाडजवळच्या एका दूध संस्थेचं काम आम्ही केलं होतं. गावोगावची संकलन केंद्रं सकाळ-संध्याकाळ तिच्या कॉम्प्युटरला दुधाचा दर विचारायची. तोच हा पत्ता. अण्णांनी संस्थेच्या सेक्रेटरींना रीतसर विचारलंही. “असू द्या की, चार माणसं दर बघून गेली तर काय दूध आटतंय व्हय?” ते म्हणाले.

चार माणसांवर भागलं नाही. ‘पावणा’ चांगला होता म्हणून पसरला. कुठल्याशा परदेशी मंडळींनी तो आपल्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला, नमुन्यासकट, पत्ता न बदलता. ते सॉफ्टवेअर सुरू झालं की नेट चालू आहे का हे पाहायला आधी आमच्या संस्थेला म्हशीच्या दुधाचा दर विचारायचं. उन्हाळ्यातल्या एका सकाळी संस्थेचा कॉम्प्युटर या गर्दीनं बसला. दराशिवाय पावती निघेना, पावतीशिवाय केंद्रं दूध घेईनात. किटल्या उन्हात राहिल्या आणि दूध नासलं.

कुणीतरी मुद्दाम केलंय, असा सेक्रेटरींचा फोन आला. अण्णांनी संस्थेच्या कॉम्प्युटरवर कोण कोण येऊन गेलं ते तपासलं. प्रत्येक हाकेबरोबर ‘पावणा’ हे नाव आलं होतं. “माझाच हाय,” ते म्हणाले.

नमुना त्यांनी लगेच बदलला, पण जगभर पोचलेल्या प्रती परत कशा बोलावणार? मग संस्थेलाच आम्ही नवा पत्ता दिला आणि तिचं काम सुरळीत झालं. भागीदारांनी समजूत घातली, लायब्ररीसोबतच्या परवान्यात स्पष्ट लिहिलंय, नुकसान झालं तर लिहिणारा जबाबदार नाही. “लिव्हलंय खरं,” अण्णा म्हणाले, “पर लिव्हणारा मीच की. माझं मीच माफ करायचं व्हय?” माफी मागायला ते संस्थेत निघाले, सोबत मला घेतलं.

तिथे मंडप घातलेला. अण्णांनी फोनवर केलेल्या खुलाशातलं सेक्रेटरींनी एवढंच उचललं होतं की आपल्या संस्थेचा दर आता अमेरिकेतून विचारतात. आमच्या भागात कुणाचं नाव झालं की आधी फेटा शोधतात. अण्णांना खुर्चीत बसवून फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. “जरा ऐका, माझं चुकलंय,” असं ते म्हणत होते, पण हलगीपुढे कोण ऐकतो? मग माईक त्यांच्या हातात आला. तेवढ्यात मागून एक बाई उठली. “ओ पावणं, आमचं त्या दिवशी दूध नासलं, ते कशानं?”

बोलायची हीच वेळ होती. अण्णांनी माईक तोंडाशी नेला, ओठ हलले, शब्द आला नाही. “ए मावशे, खाली बस, आज त्यो इषय न्हाय,” सेक्रेटरी ओरडले. बाई बसली. अण्णाही बसले. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. त्याची लाज मला अजून वाटते.

परतताना एसटीत फेटा त्यांच्या मांडीवर होता. “तोंडापर्यंत आलतं, अक्का,” ते म्हणाले. “एवढा मान दिलेला बघून जीभच उचलली न्हाय.” नासलेल्या दुधाची भरपाई त्यांनी पुढे संस्थेत भरली. त्या बाईसमोर जायचं मात्र त्यांना कधीच जमलं नाही.

संस्थेचा जुना पत्ता त्यांनी मागून घेतला आणि घरातल्या एका कॉम्प्युटरला जोडला. जगभरच्या चुकलेल्या हाका मग तिथे येत राहिल्या. अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात मी भेटायला गेले, तेव्हा तो कॉम्प्युटर कोपऱ्यात घरघरत होता. हाकेला तो काय ओ देतो, हे मी सहज पाहिलं. दर नव्हता. मराठीत एक ओळ होती: ‘त्या दिवशीचं दूध माझ्यामुळं नासलं, मला माफ करा.’

“अण्णा, हे वाचतं कोण?”

“कुणीच न्हाय.” त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. “म्हणून तर लिव्हता आलं.”