रेकॉर्डमधून काढलेली माणसं

जर्मनीत, झिंडेलफिंगेनला, गाड्यांच्या कारखान्यात माझं काम एकच: नको असलेले आवाज बंद करणं. डॅशबोर्ड कुरकुरला, दाराची काच थरथरली, की आवाज कुठून येतोय ते शोधायचं आणि त्याला गप्प करायचं. घरी मात्र मलाच गप्प करतात.

मुलगी ऑक्टोबरात शिकायला कोलोनला जाणार होती. आमचं बोलणं तोवर तिचं जर्मन 'या', 'गेनाऊ', म्हणजे 'हो', 'बरोबर', आणि धाडकन लागलेलं दार एवढ्यावर आलं होतं. जाण्याआधी तिने माझ्याशी एकदा तरी धड बोलावं, एवढीच माझी इच्छा होती. तिचा सगळा जीव एका रेकॉर्डमध्ये. कुठल्याशा ग्रंज रॉक बँडने नाव व्हायच्या आधी एका लहानशा क्लबात वाजवलेलं, तिथल्या तिथे टेप झालेलं. गिटार किंचाळतंय, गायक घसा फाडतोय, लोक खोकताहेत, बाटल्या पडताहेत. म्हटलं, पोरीला एवढं आवडतं, तर नीट ऐकू तरी येऊ दे.

उन्हाळाभर रोज संध्याकाळी हेडफोन लावून मी ती रेकॉर्ड संगणकावर धुतली. खरखर काढली, शिट्टी काढली, दोन गाण्यांमधली बडबड काढली.

"अरे, पोरीला विचारलंस का?" बायको म्हणाली.

"सरप्राइज आहे."

"तुझी सरप्राइजेस माहीत आहेत मला," म्हणत ती भाजी चिरायला गेली.

सप्टेंबरात मुलीच्या वाढदिवसाला मी ती थाटात लावली. तिने दीड गाणं ऐकलं आणि विचारलं, "पापा, वो झिंट दी लॉयटे?" लोक कुठे गेले?

"काढले!" मी छाती फुगवून म्हणालो.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मला इतकी लाज वाटली की हेडफोन कुठे ठेवावा तेही सुचेना.

आमच्या धंद्यात काढलेला आवाज लगेच फेकत नाहीत. चुकून कामाचं काही गेलं नाही ना, हे बघायला तो वेगळा ठेवतात. तिला चाचरत सांगितलं, कचऱ्याची फाइल आहे माझ्याकडे.

"लाव," ती म्हणाली.

आम्ही जमिनीवर बसलो. गाणी नाहीत, नुसता कचरा. ती जर्मनमध्ये एकेक दाखवू लागली: इथे तार तुटली, हा माणूस सारखं एकच गाणं मागतोय, आता सगळे त्यालाच हसताहेत.

"आणि तिसऱ्या गाण्यात ड्रमवाला ताल सोडून पळायला लागतो," मी म्हणालो.

ती वळली. "तुला कसं माहीत?" चक्क मराठीत.

"उन्हाळाभर दुसरं काय ऐकलंय?"

तिने माझ्या खांद्यावर एक गुद्दा मारला. मग जेवण गार होईपर्यंत ती बोलत होती. आल्झो, म्हणजे थोडक्यात, मला मधे तोंड उघडू दिलं नाही, पण तक्रार कोण करतोय!

कोलोनला जाताना कचऱ्याची फाइल तिने फोनमध्ये घेतली. धुतलेली मात्र मलाच ठेवायला सांगितली. "ती तुझ्यासारखी आहे," म्हणाली. "बोअरिंग."

ती गेल्यापासून मीही गाडीत कचराच लावतो. परवा कारखान्याच्या पार्किंगमध्ये एक सहकारी शेजारी येऊन बसला. सवयीने त्याचे कान टवकारले. त्याने डॅशबोर्डवर तळवा ठेवला, दाराला कान लावला, सीटखाली वाकून पाहिलं.

"हा आवाज कुठून येतोय?"

"कोलोनहून," मी म्हणालो.