रस्त्याकडे पाठ केलेले वाचनालय

चाचा कामाला हात घालण्याआधी अख्खा एक दिवस नुसते बसून काढत. वाचनालयाच्या जागेवर ते भर एप्रिलात सकाळपासून बसले होते. दर तासाला उठायचे, कडुनिंबाच्या सावलीच्या कडेने जमिनीवर चुन्याची रेघ ओढायचे आणि परत बसायचे. लोक हसत. कोणी विचारलेच, "चाचा, काय करून राह्यले?" तर म्हणत, "जागेले विचारून राह्यलो, घर कुठं पायजे."

ते गवंडी होते, मी शाळामास्तर आणि महागावच्या आमच्या वाचनालयाचा चिटणीस. रस्ता पश्चिमेला, आणि रस्त्याच्या कडेला तीन जुने कडुनिंब. कमिटीला ती झाडे तोडून रस्त्याकडे तोंड असलेली इमारत हवी होती. चाचांनी मला चुन्याच्या रेघा दाखवल्या. "मास्तर, दोन वाजताची सावली इथं पडते. वाचनारा मानूस इथं बसन. झाडं राहू द्या, दरवाजा पूर्वेले काढतो, रस्त्याकडं जाड भिंत."

मला पटले. मी म्हणालो, "तुम्ही म्हणता तसंच करा. अध्यक्षांशी मी बोलतो."

बोललो नाही. आज बोलू, उद्या बोलू, असे करत राहिलो. तोवर पाया भरून झाला.

पाणी हा त्यांचा दुसरा हट्ट. प्लॉट सपाट करायला त्यांनी साफ नकार दिला. "काळी माती पानी पिऊन फुगते, मंग भिंत फाडते. पान्याले त्याच्या वाटेनं जाऊ द्या." छताचे पाणी जुन्या विहिरीत जाईल अशी नाली त्यांनी सगळ्यात आधी खोदली.

अध्यक्ष पाया पाहायला आले, तेव्हा कमिटी सोबत होती. "वाचनालयानं रस्त्याकडे पाठ केली? उद्घाटनाचे पाहुणे काय मागच्या दारानं येतील?"

"पाव्हने एक दिवस येतात साहेब, ऊन रोज येते."

"कोणाला विचारून केलं हे?"

चाचांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "मला काही कल्पना नव्हती."

 थैलीत ओळंबा टाकत ते अध्यक्षांना म्हणाले, "मले काढा साहेब. पाया कोन काढते पाहू."

पाया काढणे कोणाला परवडणार होते? दुसऱ्या गवंड्याने त्यावरच भिंती चढवल्या. कोनशिलेवर एका इंजिनिअरचे नाव लागले. त्याने ती जागा स्लॅब ओतून झाल्यावर पहिल्यांदा पाहिली. कोनशिलेचा मजकूर मीच लिहिला होता. 'न विचारता पाया फिरवणारा' अशी चाचांची ख्याती झाली आणि गावातले काम तुटले. साठी उलटलेला माणूस एसटीने राजूरकडे मजुरीला जाऊ लागला.

मग कापसाची ती वाईट वर्षे आली. गाडी मोजून होईपर्यंत लोक दोन-दोन दिवस बाजारात अडकून पडत. दुपारी वीज नसे. सगळे वाचनालयात येत, पेपरात भाव वाचत, त्यावर शिव्या देत आणि तिथेच बसून राहत. "गुरुजी, पंख्याची यादच येत नाही इथं. इंजिनिअर भारी होता हो!" मी मान डोलवायचो.

एकदा न राहवून मी चाचांच्या घरी गेलो. ते अंगणात चूल लिंपत होते. मी सगळे कबूल केले. त्यांनी मातीचे हातही धुतले नाहीत.

"हे मले कायले सांगता, मास्तर? मी तं तिथंच उभा होतो. ज्याइले मालूम नाही, त्याइले सांगा."

ते जिवंत असेपर्यंत मला ते जमले नाही. त्यांना जाऊनही तीन वर्षे झाली.

आता वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला आहे. हाच तो लेख. त्या इमारतीची जागा, दिशा आणि पाया चाचांचा. होकार माझा, आणि खोटे बोललो तोही मीच. 'जुनी गोष्ट उकरू नका' असा कमिटीचा निरोप आला आहे. छापायचे नसेल तर छापू नका. येत्या रविवारी भर दुपारी, वाचनालयाचा हॉल भरलेला असताना, मी उभा राहून हे मोठ्याने वाचणार आहे.