परवाची सुरमई

मुलानं नवी जीप घेतली तेव्हा तो मला महाडहून समुद्रकाठच्या एका हॉटेलात जेवायला घेऊन गेला. शेजारी बारमध्ये गाणी दणदणत होती, माझं डोकं उठलं. वेटर पन्नाशीचा होता. सकाळपासून उभा असावा, कारण तो आलटूनपालटून एकेक पाय चपलेतून काढत होता. मी सुरमई सांगितली.

पाणी ओतताना तो पुटपुटला, "आये, नको घेऊस. परवाची हाय."

गल्ल्यावरून मालक ओरडला, "काय सांगतोस रे गिऱ्हाईकाला? कायमचं घरी बसायचंय काय?"

वेटरचा चेहरा उतरला.

मी मोठ्यानं म्हटलं, "सुरमई नको रे, माझा शनिवार आहे. विसरलेच होते. डाळभात आण."

"आई, तू कधीपासून शनिवार धरायला लागलीस?" मुलगा हसला. मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

डाळ पाणचट होती. पण मालक बघत होता, म्हणून मी शेवटच्या शितापर्यंत जेवले.